स्वेटरचं वाक्य

स्टुडिओत त्याला सगळे कात्री म्हणत. परभाषेतल्या सिनेमांच्या खाली जी वाक्यं उमटतात ती लिहायचं त्याचं काम होतं, आणि लिहायचं म्हणजे मुख्यतः कापायचं. पडद्यावरचा बाप मुलाला पोट भरून शिव्या घालतो, त्याच्या जन्माचा, शिक्षणाचा, केसांचा उद्धार करतो. कात्री खाली लिहितो, 'तू मला निराश केलंस.' वाक्य दोन ओळींत बसलं पाहिजे आणि बापाने पुढचा श्वास घ्यायच्या आत वाचून झालं पाहिजे. "शब्द काप, भाव ठेव," असं मालक येता-जाता बजावायचे. कापण्याचा पगार मिळायचा. भाव ठेवण्याचा वेगळा मिळत नसे, तरी कात्री इमानाने तो ठेवायचा.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न राहून गेलेलं, आणि बोलायचं झालं की समोरच्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभं राहायची खोड. नव्या माणसाला वाटायचं हा आता उसने पैसे मागणार. पण खोडीचं कारण घरी होतं. घरी ताई होती, आणि ताईला ऐकू येत नव्हतं.

तरुणपणी एका तापाने तिचे कान नेले. एकदम नाही, भाडेकरू जसा एकेक सामान हलवतो तसे गेले. आधी पाखरं, मग शेजारपाजार, मग आईच्या हाका. बोलायची मात्र ती पूर्वीसारखीच, जरा चढ्या आवाजात, आणि समोरच्याचे ओठ वाचून निम्मंअर्धं समजून घ्यायची. उरलेलं कात्री लिहून द्यायचा. त्यासाठी स्वयंपाकघरात फ्रिजला एक छोटा पांढरा फळा चिकटवलेला होता. दवाखाना, बँक, नातेवाईक, सगळं जग त्या फळ्यावरून ताईपर्यंत पोचायचं.

आता जग काही फार गोड बोलत नाही. घरगुती समारंभात मावशी तोंड फिरवून म्हणायची, "हिला कशाला आणता, हिला काय कळतंय?" ताई विचारायची, "मावशी काय म्हणाली रे?" कात्री लिहायचा, 'हा रंग तुला शोभतो म्हणते.' ताई मावशीकडे बघून गोड हसायची. मावशी गोंधळून तीही हसायची. कुणाचं काही बिघडायचं नाही. कात्रीला तर आपण दोन घरं सांभाळली असंच वाटायचं.

कान पुरते जायच्या आधी ताईने जे शेवटचं मन लावून ऐकलं, ती गुरूची गाणी. गुरू हे चाहत्यांनी ठेवलेलं नाव. एके काळी त्याच्या कार्यक्रमाला मैदानं पुरायची नाहीत, न्हाव्यांच्या दुकानात त्याचेच फोटो असायचे. ऐन भरात असताना हा गडी गाव सोडून टेकडीवरच्या एका घरात जाऊन बसला तो बसलाच. नवं गाणं नाही, फोटो नाही, कुणाला भेट नाही. "आम्ही दोघं एकाच वर्षी गप्प झालो," असं ताई म्हणायची, जणू दोघांनी आपसात ठरवून घेतलं होतं.

ताई लोकरीच्या दुकानात कामाला होती. दर हिवाळ्यात ती गुरूसाठी एक स्वेटर विणायची आणि कॅसेट कंपनीच्या जुन्या पत्त्यावर पाठवून द्यायची. माप एका पोस्टरवरून काढलेलं, अंदाजाने. पोच कधी आली नाही. "तो कुणालाच उत्तर देत नाही," हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. सासरची शिस्त कडक आहे हे एखादी जशी मिरवत सांगते, तसं सांगायची.

आणि मग इतक्या वर्षांनी गुरूची मुलाखत आली. एका तरुण पत्रकार मुलीने काय जादू केली कोण जाणे, पण तो तिच्यासमोर व्हरांड्यात तासभर बसला. फोनवर चाहत्यांचा एक ग्रुप होता, दातांचे एक डॉक्टर तो चालवायचे. तिथे नुसती आग लागली. कारण गुरूने बोलता बोलता सांगून टाकलं, की त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याला स्वतःला ऐकवत नाही. लागलं की तो रेडिओ बंद करतो.

"मी त्या गाण्यावर लग्नाला हो म्हटलं होतं, आता काय करू?" एकाने लिहिलं.

"वहिनींना विचारा, त्याही रेडिओ बंद करत असतील," दुसऱ्याने उत्तर दिलं.

"हा गुरू नाहीच. गुरूची हनुवटी अशी नव्हती."

"दाढी आहे हो, हनुवटी दिसतेय कुठे?"

दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि स्वतःच तीन परिच्छेद रडून घेतले.

ताई हे वाचून खळखळून हसली. "मलाही दुकानातली गुलाबी लोकर बघवत नाही. रोज तीच विकायची म्हटल्यावर होतं असं," ती म्हणाली. मग मोबाइल कात्रीपुढे धरला. "मला अख्खी मुलाखत बघायचीय. त्याच्या दाढीत ओठच दिसत नाहीत मेले. तू खाली वाक्यं घालून दे ना."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कात्री कानाला हेडफोन लावून बसला. काम मजेत चाललं होतं. शेवटाकडे पत्रकार मुलीने विचारलं, "चाहते अजून आठवण काढतात का?" गुरू म्हणाला, "दरवर्षी एक स्वेटर येतो. कोण पाठवतं ठाऊक नाही. बाह्या एवढ्या लांब, की माझ्यासारखे दोघं मावतील. बागेतल्या नळाला गुंडाळतो. थंडीत पाइप फुटत नाही." आणि हसला. मुलगीही हसली, खांदे हलवून हलवून.

कात्रीने मुलाखत थांबवली. त्याने ग्रुप उघडून पाहिला. सगळे गाण्याच्या सुतकात होते, स्वेटरवर कुणाचं अवाक्षर नव्हतं. इथवर बहुतेकांनी ऐकलंच नसावं. त्याला धीर आला. तो टायपायला लागला तेव्हा बोटं सरावाने चालावीत तशी चालली:

'दरवर्षी एक स्वेटर येतो.
थंडीभर अंगात तोच असतो.'

दोन ओळी. मापात अगदी चोख.

संध्याकाळी ताईने मुलाखत बघितली. त्या जागी आली आणि तिने फोन थांबवला. मागे नेला, पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेला. मग विचारलं, "इथे ती मुलगी एवढी का हसली रे?"

कात्रीने फळ्यावर लिहिलं, 'कौतुकाने.'

ताईने उठून खिडकीची काच पुसली, जी स्वच्छच होती. तिचा चेहरा त्याला काचेत दिसत होता, आणि तो बघून आपण केलं ते झकास केलं अशी कात्रीची खात्री पटली. रात्रभर तो छान झोपला.

चूक झाली ती पुढे. त्याला वाटलं होतं, ताई एकटीच बघेल. पण ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पोच मिळाली, तो ती पदराआड ठेवून बसेल का? दुपारी ताईने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, "ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी. खालची वाक्यं माझ्या भावाने घातली आहेत. शेवटी स्वेटरचा उल्लेख आहे, तो मी विणलेला."

कात्रीने हे स्टुडिओत पाहिलं आणि त्याची बोबडी वळली. त्याने घाईघाईने ताईला संदेश पाठवला, 'व्हिडिओ काढून टाक, तांत्रिक दोष आहे.' तोवर उशीर झाला होता. ज्यांना कमी ऐकू येत होतं त्यांनी आभार मानले होते. ज्यांना चांगलं ऐकू येत होतं ते आता शेवटपर्यंत ऐकायला लागले.

"बाई, तो नळ म्हणतोय. अंग कुठून आणलंत?"

"अहो चेष्टा केलीय. झकास जमलीय."

"चेष्टा नाही, या खरंच विणतात. मागे ग्रुपवर फोटो टाकला होता."

"मग आमच्या नळालाही एक द्या. बाह्या नकोत, नळाला हात नसतात."

त्यावर हसरी तोंडं उमटली, रांगच्या रांग. कुणीतरी नळाला टोपडं घातलेलं चित्र टाकलं. दातांच्या डॉक्टरांनी 'ज्येष्ठ सदस्यांचा मान राखा' असं लिहिलं, आणि त्याच्यावरही कुणीतरी हसरं तोंड चिकटवलं.

आणि या गदारोळात ताईचं उत्तर आलं. ठाम, शुद्ध, पूर्णविरामासकट. "माझा भाऊ हे काम पगार घेऊन करतो. त्याच्या हातून चूक होत नाही. तुम्हीच पुन्हा ऐका."

कात्रीने ते वाचलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. गुरूने स्वेटर नळाला बांधला हे तिला एक वेळ पचलं असतं. पण ती आता चारचौघांत त्याच्या शब्दावर उभी होती, आणि शब्द पोकळ होता. घरी जाऊन तिच्यासमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं, याचा तो विचार करत राहिला. सुचलं काहीच नाही. सुचायला वेळही मिळाला नाही.

तासाभरात ताईच स्टुडिओत येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी तिथे आली नव्हती. कात्री पुढे धावला, नेहमीसारखा तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, पण तिने त्याला हाताने बाजूला केलं आणि शेजारच्या टेबलावर आवाजाचं काम करणाऱ्या ध्वनिमुद्रकासमोर गेली.

"तुम्हाला नीट ऐकू येतं ना?" तिने विचारलं.

ध्वनिमुद्रक दचकला. "हो. त्याचाच पगार घेतो."

"मग हे एवढं ऐका आणि लिहून द्या. जसंच्या तसं. सुंदर करू नका."

त्याने कात्रीकडे पाहिलं. कात्रीने मान खाली घातली. ध्वनिमुद्रकाने ऐकलं, कागद ओढला आणि सगळं लिहिलं. बाह्या, दोघं मावतील, नळ, पाइप. शेवटी कंसात 'दोघे हसतात' हेसुद्धा. बिचाऱ्याला जसंच्या तसं सांगितलं होतं.

ताईने कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. ध्वनिमुद्रकाचे आभार मानले. मग पिशवीतून डबा काढून कात्रीच्या टेबलावर ठेवला. "सकाळी विसरला होतास," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

कात्रीने डबा उघडला नाही. मालकांना डोकं दुखतंय सांगून तो लवकर निघाला, पण घरी जायला धीर होईना, म्हणून दोन थांबे आधी उतरून चालत गेला. वाटेत त्याने बचावाची चार भाषणं तयार केली. चारही चांगली होती.

ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. फळा फ्रिजवरून काढून तिने पुढ्यात ठेवला होता. तो समोर बसून पहिलं भाषण सुरू करणार, तोच ती म्हणाली, "नळाला बांधला तर बांधला. पाइप फुटला नाही ना? म्हणजे वीण घट्ट होती. गुरूचं सोड, तो मला कुठे ओळखतो? तू ओळखतोस."

चारही भाषणं गुरूबद्दल होती. ती वाया गेली.

"मावशी समारंभांत खरं काय म्हणायची?"

कात्रीचा हात पेनाकडे गेला आणि मागे आला.

"बरं. मावशीचंही सोड." तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. स्वतःला ऐकू येत नसताना तो इतका खाली कसा आणला, देव जाणे. "आई शेवटी बोलली तेव्हा मी पायाशी उभी होते. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, मला ओठ दिसले नाहीत. तू लिहून दिलंस, की आई म्हणते, तू होतीस म्हणून सगळं निभावलं. मी त्याच्यावर आजवर दिवस काढलेत. बँकेत कुणी तोंड वाकडं केलं, दुकानात कुणी हसलं, तर मी तेवढं आठवायची." तिने फळा त्याच्याकडे सरकवला. "आई काय म्हणाली?"

कात्रीने पेन घेतलं. खोटं लिहिणं अगदी सोपं होतं, एका सवयीच्या अंतरावर होतं. एकदा लिहिलेलंच पुन्हा लिहायचं, आणि ताईने बहुधा विश्वासही ठेवला असता. ठेवायची तिची इच्छा दिसत होती. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि नजर त्याच्या हातावर होती.

त्याने लिहिलं, 'खिडकी लावा.'

ताईने वाचलं. पुन्हा वाचलं. "एवढंच?"

त्याने मान हलवली.

"वारा येत असेल," ती म्हणाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. ते फक्त कात्रीला ऐकू आलं. "मग ते निभावल्याचं? ते कुणाचं?"

कात्रीने पेनच्या मागच्या टोकाने स्वतःच्या छातीकडे दाखवलं.

"तुझं होतं?" ती त्याच्याकडे बघत राहिली. तो काहीतरी चांगलं ऐकायची वाट बघत होता, पण तिचा चेहरा मऊ झाला नाही. उलट काहीतरी आत ओढून घेतल्यासारखा झाला. "मग तुझ्या नावावर का नाही दिलंस? मी तेव्हापासून त्या मेलेल्या बाईचे आभार मानतेय. तू समोर बसून जेवत होतास."

कात्रीने पेन फळ्याशेजारी ठेवलं.

ताईने फळा कापडाने पुसला, फ्रिजला परत लावला. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे दुकानातल्या मालकीणबाई येतील माझ्याबरोबर," ती म्हणाली. "त्यांचं अक्षर वाईट आहे, पण चालेल. तू कामावर जा." आणि ओट्याकडे वळून भांडी विसळायला लागली.

कात्री काहीतरी म्हणाला. खरंच म्हणाला, बऱ्यापैकी मोठ्याने, आणि त्याला वाटलं होतं त्याहून ते कितीतरी लांब होतं, थांबत, अडखळत, काहीही न कापता. पण ताईची पाठ त्याच्याकडे होती आणि नळ चालू होता. पाठीशी बोलणं सोपं होतं. ते तिला कळायचं तर उठून ओट्यापाशी जावं लागणार होतं, तिला खांद्याला धरून वळवावं लागणार होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तोंड उघडून पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणावं लागणार होतं.

तो टेबलाची कड धरून काही वेळ तसाच बसला. मग उठला.