खंडेनवमीचा काटा

नाशिक आठवलं की आधी आवाज येतो, माझाच. तेव्हा गल्लीभर एकच केबल. संध्याकाळी आमचा कार्यक्रम लागला की मी पंचवटीत नुसता चालत सुटायचो. एका खिडकीतून माझं अर्धं वाक्य यायचं, पुढच्या खिडकीतून उरलेलं. ओट्यांवर निळा उजेड हलत असायचा. वाटायचं, हा बोलतोय तो कोणी दुसराच, शिकलेला. मी किनवटकडचा, नववीत शाळा सोडलेला. आज ना उद्या कोणीतरी ओळखणार, ही धास्ती कायम.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, हेच पुढे माझं आयुष्य झालं. गॅसच्या टाक्या, बंद फ्रीज, बिल्डरांची आश्वासनं, खूप काही दाखवलं. पण डोळे मिटले की झेंडूचा वास येतो आणि एकच दुकान दिसतं.

मिठाईचं दुकान. नाशकात उतरलो तेव्हा दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, मला कामाला ठेवलं, काकूंनी जेवायला. केबलवाल्यांनी मला तिथेच गिऱ्हाइकांशी बोलताना ऐकलं आणि उचललं. तरी दुपारचं ताट काकूंकडेच असायचं. नाशकात तेवढं एकच दार माझं होतं.

एका बाईंचा फोन आला. "पेढ्यांबरोबर खोकाही पेढ्यांच्याच भावानं तोलतात. आम्ही पुठ्ठा खायचा का?"

खरंच होतं, आणि सगळीकडेच होतं. आम्ही दुकानं फिरलो. काकांच्या गल्लीशी माझे पाय अडले. कॅमेरामन म्हणाला, "ते सोडायचं? मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

त्या दिवशी खंडेनवमी होती. काकांनी काटा घासून लखलखीत केला होता. दोन्ही पारड्यांत त्यांच्या भावाच्या मळ्यातला झेंडू, दांडीला हळदकुंकू. कॅमेरा दिसताच ते हरखले. त्यांना वाटलं, आम्ही पूजाच दाखवायला आलोय. आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"बोल पोरा, काय दाखवू?"

मी विषय सांगितला. माझा आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनी त्यातलं फक्त 'खोका' ऐकलं असावं. पूजेनंतर काटा दिवसभर हलवायचा नाही हा त्यांचा नेम. माझ्यासाठी त्यांनी स्वतः फुलं उचलली, रिकामा खोका पारड्यात ठेवला आणि दुसरीकडे वजन टाकलं.

"बघा, शंभर ग्रॅम भरला! आपला खोका लय जाड. पातळ माल आपण ठेवतच नाय." आणि कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसले.

प्रसारणाआधी दोनदा मी खरं काय ते सांगायला गेलो. दोन्ही वेळा काकूंनी पुढ्यात ताट ठेवलं आणि मी नुसता जेवून परत आलो. कार्यक्रम लागायच्या संध्याकाळी काकांनी टीव्ही बघायला शेजारीपाजारीही घरी बोलावले. मी दाराशी बसलो. पडद्यावर काका हसले, आणि मागून माझा आवाज आला, की हा जाड पुठ्ठाही गिऱ्हाईक पेढ्याच्या भावानं घेतं. कोणीतरी खोकलं. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. उठायला हवं होतं, पण मी पडद्याकडेच बघत राहिलो.

काका उठले. "झालं का समाधान, साहेब?"

साहेब. एवढंच म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी पायांनी आपोआप तिकडे नेलं. दुकानासमोर रस्त्यावरच थांबलो. परत फिरावं, गावची एसटी धरावी, असं सगळं मनात येत होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गिऱ्हाईक करत होते. पेढ्यांचा खोका एका पारड्यात ठेवला आणि वजनांच्या पारड्यात दुसरा रिकामा खोका.

"हे काय नवीन, शेठ?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"आमच्या घरातलं एक पोरगं टीव्हीवर असतं. लय शहाणं. त्याला विचारा." मग तसंच, वर न बघता, "उन्हात काय उभा राहिलाय? तुझी काकू खोळंबली आहे."

मी आत जाऊन जेवलो. भाजी कसली होती, ते आठवत नाही.