खाडाखोड वाचणाऱ्या अक्का

हाताने लिहिलेला कोणताही कागद समोर आला की अक्का आधी त्यावरचे खोडलेले शब्द वाचायच्या. कोल्हापूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी मराठी शिकवायचो. परीक्षेच्या पेपरातलं काट मारलेलं उत्तरही त्या उजेडासमोर धरून बघायच्या. म्हणायच्या, "लिहिलंय ते परीक्षकासाठी. पोराला खरं वाटत होतं ते काटलंय."

ही सवय त्यांना पोथीनं लावली. आजऱ्याच्या एका व्यापारी कुटुंबाच्या देवघरात कन्नड शैव ग्रंथाच्या मराठी भाषांतराची पोथी होती, खुद्द भाषांतर करणाऱ्याच्या हातची. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्कांचं माहेर सीमेवरचं, दोन्ही भाषा घरच्याच. त्या खाडाखोडीवरून त्याला ओळखू लागल्या होत्या. "कन्नड शब्द मराठीत बसेना की हा चिडतो बघ, टाक रुतवतो," असं घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगायच्या. लग्न केलं नाही. सुट्टी लागली की एसटीनं आजरा. पोथी बाहेर न्यायची नाही, मोबाइलनं फोटोही काढायचे नाहीत, ही त्या घरची अट. अक्का तिथेच बसून खाडाखोडीसकट उतरवून घ्यायच्या. शेवटचे अध्याय निवृत्तीनंतर निवांत बघू, म्हणून राखून ठेवले होते.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होते. त्या घरचे म्हातारे अप्पा नुकतेच वारले होते. त्यांच्या मुलानं हात जोडले. "अक्का, वाळवी लागलीती पोथीला. हिरण्यकेशीच्या पाण्यात सोडली की. पूजा करून, सगळं रीतसर."

अक्कांनी चहा घेतला. "बरं केलंस," म्हणाल्या. एसटीत मात्र माझा हात धरून बसल्या. "रागवायला तरी जागा ठेवायची की गं त्यानं."

कोल्हापुरात जो तो समजूत घालायचा, ग्रंथाच्या नकला आहेत की, मजकूर कुठं गेलाय? अक्का एकदाच बोलल्या, "नकलेत तो नाही." मी म्हटलं, उतरवून झालंय तेवढं छापू. "अर्धा कळलेला माणूस चुकीचा कळतो. नको." पुढे त्यांनी वाचणंच सोडलं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. डॉक्टरांना दुखणं सापडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या.

माती द्यायला आजऱ्याचा तो मुलगाही आला होता. डोळे पुसत मला म्हणाला, "आमच्या पोथीची लई सेवा केली बघा अक्कांनी."

मी "व्हय" म्हणाले.