उपरण्याखालचा हात

आमच्या आबांना शेवटी कशानं विसर पडला, असं कुणी विचारलं की ‘वय झालं होतं’ एवढंच मी सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. हल्ली चष्मा कुठं ठेवला ते मलाच आठवत नाही. तेव्हा सांगायचं राहिलंय ते सांगून टाकतो.

आबा, म्हणजे माझे वडील, घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल होते. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहायचं, एकेकाचा हात हातात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटांनी किंमत बोलायची. एखादं बोट धरायचं, मूठ धरायची, दाबायचं, सोडायचं. भोवती कितीही माणसं असोत, आकडा उपरण्याखालीच राहायचा. तोंडानं मात्र भलतंच चालू असे. विहिरीचं पाणी, पोरीचं लग्न, कुणाचा गुडघा दुखतोय. आबांना लिहिता येत नव्हतं, पण एकदा पाहिलेला बैल त्यांच्या ध्यानातून जात नसे. शिंगांची ठेवण कशी, कपाळावर भोवरा कुठं, कुणाच्या दावणीला गेला, सगळं डोक्यात. बाजारच्या दिवशी आमच्या वाडीहून चालत जायचे, चालत यायचे. फडक्यात बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, कांदा. परतताना सोबतीला त्याच बाजारातले दुसरे एक दलाल असत. ते मुसलमान, मी त्यांना चाचा म्हणे. दिवसभर एकमेकांचे सौदे मोडायचे आणि संध्याकाळी एकाच फडक्यातली भाकरी खायची, असा त्या दोघांचा जन्म गेला.

मी शिकलो आणि नगरला कचेरीत कारकून झालो. आई आधीच गेली होती.

लढाईचे दिवस होते. आमच्या हेडक्लार्कना म्हैस घ्यायची होती. मी मोठ्या ऐटीत त्यांना घोडेगावला घेऊन गेलो. आबांनी चांगली दुभती म्हैस पाहून दिली, सौदा झाला, म्हैस लिंबाखाली बांधली. आम्ही चहा पिऊन उठतो तोच आबा पुन्हा समोर. हेडक्लार्कना रामराम करून म्हणाले, “पाव्हणं, म्हस पायजे का? येक नामी हाय.” आणि उपरणं टाकून हात पुढं केला.

हेडक्लार्कना आधी थट्टाच वाटली. मग आजूबाजूची माणसं हसू लागली. चाचांनी आबांना खांद्याला धरून बाजूला नेलं. “चल, तुला ऊन लागलंय,” म्हणाले.

त्यानंतर कचेरीत कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी यायचं, हातावर रुमाल टाकायचं आणि म्हणायचं, “पाव्हणं, म्हस पायजे का?” मीही हसायचो. त्याच महिन्यात मी आबांना नगरला आणलं. औषधासाठी आणलं, असं सगळ्यांना सांगितलं.

औषधाला नेलंही. वैद्य म्हातारे होते, गप्पिष्ट. त्यांनी नाडी पाहिली आणि मग आबांना बैलांचंच विचारत बसले. आबा भरभरून बोलले. तीस वर्षांपूर्वीची जोडी कुठल्या गावाला गेली तेही त्यांनी सांगितलं. सकाळी काय खाल्लं ते मात्र सांगता आलं नाही. वैद्यांनी मला बाहेरच्या ओसरीवर नेलं.

“ब्राह्मीचं तेल देतो, बदाम भिजवून द्या,” ते म्हणाले. “पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यांचं खाणं बदलू नका. भाकरी, पालेभाजी, जवस, जे आजवर खाल्लं तेच. रोज चालू द्या. आणि बाजार बंद करू नका. कुणीतरी सोबत द्या, पण जाऊ द्या. गेलेलं परत येणार नाही. आहे ते जास्त दिवस टिकेल.”

मी घरी येऊन फक्त तेल आणि बदाम सांगितले.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गावाकडच्या माणसाला शहरातलं सुख द्यावं. आमच्या आळीत म्हाताऱ्या बापाला काम करू देणं म्हणजे मुलाला कमीपणा. बापानं ओट्यावर बसावं, सुनेनं हातात आयतं द्यावं, येणाऱ्याजाणाऱ्यानं म्हणावं, सुखात आहे म्हातारा. रेशनवर साखर बेताची मिळे. ती मी आबांसाठी राखून ठेवायला लावी. गोड चहा, पाव, दूधभात, तुपातला शिरा. आबा शिऱ्याकडे पाहत आणि म्हणत, “भाकर न्हाई व्हय?”

बायको एकदा म्हणाली, “मामंजींचे दात शाबूत आहेत. मी भाकरी टाकते ना त्यांच्यापुरती.”

“मऊच द्यायचं,” मी म्हणालो. तिनं शिऱ्याची कढई चुलीवर ठेवली.

एक दिवस चाचा आले. सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, आले होते, धोतराला अजून बाजाराची धूळ. ओट्यावर आबांना पाहून उभ्या उभ्याच म्हणाले, “काय रं आळशा, बाजार सोडून हितं शिरा खात बसलाय व्हय? वजन बघ किती चढवलंय. आता तुलाच विकायला न्यावा लागतोय.”

आबांनी मान वर केली. तीन दिवस मला ‘मास्तर’ म्हणत होते ते आबा, चाचांकडे बघून म्हणाले, “तुला कोन घेतंय म्हनून मला ईकतो. लबाड लेकाचा. त्या खिल्लारी बैलाचं वय चोराया दात लपवला हुतास, इसरलो न्हाई मी.”

“आलं का ध्यानात? मग बोल.” चाचांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं. बैल नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. उपरणं मात्र हलत होतं. आबांचे डोळे बारीक झाले, ओठ मुडपले गेले, तोंडानं चाचांच्या नातवाची चौकशी चालू. मग एकाएकी चाचांनी हात ओढून घेतला. “मेलो. ह्यानं मला बुडवला,” म्हणाले, आणि दोघं खोकला येईपर्यंत हसले. मी दारात उभा होतो. आबांना तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

निघताना चाचा मला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. “बाळ, बाजाराच्या दिशी ह्याला मोटारीत बसवून देत जा. घोडेगावला मी उतरवून घेतो, सांजच्याला परत घालतो. सौदा न्हाई करू देनार, नुसता फिरंल माज्यासंगं. मानूस चालता-बोलता ऱ्हाईल.”

माझ्या डोळ्यांपुढं कचेरीतला तो रुमाल आला. हेडक्लार्क पुन्हा बाजारात जातील, आबा पुन्हा त्यांच्यापुढं हात करतील. मी म्हणालो, “वैद्यांनी मनाई केलीय चाचा. बाहेर गेलं, फार बोलणं झालं, की त्यांना त्रास होतो म्हणे.”

चाचा थांबले. “बोलन्यानं तरास हुतो?”

“हो.”

“मग न्हाई,” ते म्हणाले. “आपल्याला काय ठावं. वैद्य सांगत्यात ते करावं.”

ते पुन्हा आले नाहीत.

मग आबा झपाट्यानं उतरत गेले. ओट्यावर बसायचे, उन्हाबरोबर सरकायचे. भिजवलेले बदाम बायको वाटीत देई. ते रस्त्यानं जाणाऱ्या गाईला हाक मारून चारत. मी कचेरीतून येई, जेवी, वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत बसे. त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नसे. मला बैल कळत नव्हते, त्यांना कचेरी कळत नव्हती. एका घरात आम्ही दोघं शेजारच्या बिऱ्हाडांसारखे राहिलो.

एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, धोतराचा सोगा सोडून माझ्या हातावर टाकला आणि खाली माझी बोटं धरली. दोन धरली, मग मूठ, मग काहीतरी दाबलं. “बोला,” म्हणाले.

मला ती भाषा येत नव्हती. लहानपणी त्यांनी शिकवायचं म्हटलं होतं तेव्हा मी हात मागं घेतला होता. शाळेतली मुलं चिडवत. आता मी उगीच एक बोट धरून दाबलं. आबा वाट पाहत राहिले. मी पुन्हा काहीतरी दाबलं. त्यांनी हळूच हात काढून घेतला, सोगा झटकला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, “न्हाई जमायचं, पाव्हणं. दुसरा बैल बघा.”

त्या हिवाळ्यात ते गेले. वैद्यांचं सगळं ऐकलं असतं तरी कधी ना कधी हे झालंच असतं, हे मला कळतं. त्यांच्या वाट्याचे काही चालते-बोलते दिवस मात्र मी काढून घेतले, आणि तेही कचेरीतल्या हसण्यापायी. हल्ली मी रोज सकाळी सावेडीच्या वाटेनं शेतं संपेपर्यंत चालतो, भाकरी आणि जवसाची चटणी मागून खातो. वाटेत रामराम करण्यापुरतीही ओळखीची माणसं मला फारशी नाहीत.

आबांच्या वर्षश्राद्धानंतर एका बाजारी मी घोडेगावला गेलो होतो. चाचा लिंबाखाली बसले होते, वाळून गेलेले. वैद्यांनी मनाई केलीच नव्हती, हे मी त्यांना सांगितलं.

“मला वाटायचं, मी गेलो तर त्याला तरास हुईल,” ते म्हणाले. “दोनदा मोटारीपातुर येऊन माघारी गेल्तो.”

मग त्यांनी विचारलं, “बोटं चालायची का रं त्याची? शेवटाला?”

“चालायची. मला कळायची नाहीत.”

त्यांनी उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि हात खाली सरकवला. हात खरखरीत होता, आबांसारखाच. “त्यानं कसं धरलं हुतं, तसं धर. मी सांगतो काय म्हनला ते.”

मी त्यांची दोन बोटं धरली. मग मूठ. त्यानंतर काय दाबलं होतं, अंगठा की मनगट, एकदा की दोनदा, मला आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून केलं. तिथंच येऊन अडलो.

चाचा हात तसाच देऊन बसून राहिले. मग बाजारातून कुणीतरी त्यांना जोडी पाहायला हाक मारली. त्यांनी उपरणं उचलून खांद्यावर टाकलं आणि ते उठून गेले.