देवरावांचा दोष

पोंभुर्ण्याहून आत गेलेल्या एका खेड्यात ठमाबाई राहतात, आणि त्या दिवशी सकाळपासून त्या वीज जाण्याची वाट पाहत होत्या. एरवी दिवसातून चारदा जाणारी वीज नेमकी त्या दिवशी हटून बसली होती. भाजीत मीठ दोनदा पडलं. मुलगा नागसेन शहाणा, तो फक्त तांब्याभर पाणी जास्त प्यायला.

संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवर देवराव येणार होते. देवराव म्हणजे ठमाबाईंचे मालक, जाऊन अकरा वर्षं झालेले. गावच्या तलावाचं पाणी आधी मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या शेताला आणि उरलंच तर बौद्धांच्या नि गोंडांच्या धानाच्या बांध्यांना, ही जुनी रीत त्यांनी मोडली. आता त्यांच्या नावाचा चौक आहे, जयंतीला फोटोवर हार पडतो. हक्कांसाठी लढलेल्या माणसांवर एका वाहिनीनं मालिका काढली, तिच्यातला एक भाग त्यांचा होता.

उन्हाळ्यात ती मालिका लिहिणारी दिव्यानी नावाची मुलगी घरी येऊन गेली होती. गोड पोरगी, मांडी घालून जेवली. "आजी, सगळे त्यांना देव करून ठेवतात," ती म्हणाली. "मला माणूस दाखवायचाय. त्यांचंही कधी काही चुकलं असेल ना?" ठमाबाईंना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं आणि त्यांच्या तोंडाला खळ राहिला नाही.

गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. तलावाचं पाणी बांध्यांत सोडलं त्या सकाळी मालगुजाराची माणसं लाठ्या घेऊन देवरावांना शोधत आली. देवराव घरातल्या धानाच्या रिकाम्या ढोलीत उतरले, आणि कमरेएवढ्या त्या बांबूच्या ढोलीवर ठमाबाईंनी फळी ठेवली. बाहेर अंगणात लालसू होता, गोंडांच्या वस्तीवरचा, टोल्यावरचा, देवरावांचा जिवाभावाचा सोबती. देवराव कुठे आहेत हे त्यानं मार खाऊनही शेवटपर्यंत सांगितलं नाही. आठव्या दिवशी तो गेला. गावाला आजही माहीत आहे ते एवढंच, की देवराव त्या दिवशी तक्रार द्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी चांद्याला गेले होते.

हे सगळं ठमाबाईंनी दिव्यानीला सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. मग घाबरून म्हणाल्या, "हे नको लिहू पोरी. लालसूची बायको अजून हाय." दिव्यानीनं मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, या विचारानं ठमाबाईंची चार महिने झोप उडाली. शहरातल्या माणसांच्या मानेचा काय भरवसा!

चौकाची पाटी काढली तर काढोत बापडे. भीती होती ती मंगलीबाईंची, लालसूच्या बायकोची. दोघी मोहफुलं वेचायला बरोबर जात, तेंदूची पानं बरोबर तोडत. देवराव गेले तेव्हा चार दिवस मंगलीबाईंनीच ठमाबाईंना भरवलं होतं. ती उद्यापासून दारात आलीच नाही तर?

वीज काही गेली नाही. विहारात नागसेननं मोठा टीव्ही लावला होता, टोल्यावरचे लोकही आले होते. मंगलीबाई नवं लुगडं नेसून पुढेच बसल्या आणि त्यांनी ठमाबाईंना शेजारी ओढलं.

"माह्या मालकाचा एकबी फोटो नाई, बाई. नातवंडं इचारतात, आजा कसा होता म्हणून. आज दाखवतो त्यायले."

पडद्यावर तलाव आला, मोर्चा आला, लाठ्या आल्या, आणि ठमाबाईंनी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा पडद्यावरचे देवराव दारू पिऊन झुलत घरात शिरले आणि त्यांनी बायकोच्या थोबाडीत मारली.

खऱ्या देवरावांनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. ठमाबाईंच्या ध्यानात आलं, पोरीनं शब्द पाळला होता. माणूस दाखवायचा म्हणजे दोष हवाच, मग खरा नको म्हटल्यावर तिनं बाजारातला आणून बसवला. सांगायला लाज वाटते, पण ठमाबाईंना आधी हायसंच वाटलं.

तेवढ्यात मंगलीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, माहा मालक कवा येते?"

तो येणार नव्हता. ढोली गाळली तिथं अंगणही गाळलं गेलं, आणि अंगणाबरोबर लालसूही. पडद्यावर नावं सरकू लागली. मंगलीबाई मात्र अजून त्याला शोधत होत्या.

नागसेन ताडकन उठला. "खोटं हाय हे! माय, तूच सांग सगळ्यायले. बाबानं तुले कधी मारलं काय?"

सगळे ठमाबाईंकडे वळले. नुसतं नाही म्हणून गप्प बसता आलं असतं. पण त्या उठल्या.

"नाई. हात नाई उचलला कधी, दारूबी नाई. पण त्या दिवशी ते चांद्याले नव्हते गेले. घरीच होते, ढोलीत लपून. अंगणात लालसूले मारून राह्यले होते तवा."

मंगलीबाई खालूनच त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"सगळं आयकू येत होतं त्यायले?"

"येत होतं."

"मंग बाहेर काऊन नाई आले?"

ठमाबाईंना वाटलं, आता तरी वीज जावी.

"येऊन राह्यले होते, मंगली. आतून फळी ढकलत होते. मी वर बसली होती."