बंद जिनिंगची फरशी

आमच्या पाहणीच्या कागदावर एक रकाना असतो, 'सध्याचा वापर'. बंद पडलेले कारखाने, दगड काढून संपलेल्या खाणी, अशा जागांचं पुढे काय करता येईल याचे पर्याय मांडून देणं हे माझं काम. त्या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आले: पडीक. धुळ्यातल्या एका बंद जिनिंगलाही तोच लिहिला. पाहणीला गेले तेव्हा भर श्रावण होता. कापसाचे ढीग घालायची ती भलीमोठी सिमेंटची फरशी शेवाळली होती आणि मी तिच्यावर सपशेल आपटले. त्यामुळे तो शब्द लिहिताना माझा हात जरा जास्तच जोरात चालला असणार.

पुढच्या एप्रिलमध्ये मोजमापासाठी सकाळीच पोचले आणि फाटकातच थबकले. फरशीभर जुनी धोतरं आणि साड्या अंथरलेल्या, त्यांवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे इकडचे जाडसर पापड. लसूण-मिरचीचा वास नाकात शिरला. मधोमध एक साठीच्या बाई बसल्या होत्या. पाण्याचा हात घेत, शिजवलेल्या पिठाचा गोळा कापडावर थापत होत्या. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले.

"चपला काढ ताई," एवढंच त्या मला पहिल्यांदा म्हणाल्या.

मी टेप पिशवीत टाकला आणि विचारत सुटले. मला एकदा कुतूहल चढलं की समोरच्याची धडगत नसते. घरी का नाही घालत? घर पत्र्याचं, आणि शेजारची गच्चीवाली मंडळी वर चढू देत नाहीत. मग इथेच का? चारही बाजूंना भिंत आहे, धूळ येत नाही. आणि तो पश्चिमेचा कोपरा मोकळा का सोडला?

"तठे सकायले टाकीनी सावली येस," मान वर न करता अक्का म्हणाल्या.

आवारातल्या याच पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते हे काढायला मी संगणकासमोर दोन दिवस घालवले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या या दोन महिन्यांतल्या बिबड्यांवर त्यांचं वर्षभराचं घर चालतं, हे मात्र त्यांनी मला सहज सांगून टाकलं.

महिन्याभराने वस्तीची बैठक झाली. आमचे पर्याय चार: बाग, दुकानं, घरं, वाहनतळ. प्रत्येकाला एक फॉर्म दिला, त्यावर प्रश्न होता, 'तुम्हाला इथे काय हवे?' नंतर गठ्ठा चाळताना अक्कांचा फॉर्म हाती लागला. बागेवर खूण केलेली. मी चक्रावलेच. बाग म्हणजे फरशी उखडून, माती भरून हिरवळ. दुसऱ्या दिवशी मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेले.

"अक्का, तुम्ही बाग मागितली?"

"चांगली राहस ना बाग. सांजले बसाले व्हयी."

"मग फरशी का नाही मागितली?"

त्यांना माझी थोडी कीव आली असावी. "फरशी ते शेच ना ताई. जे शे, ते कसाले मांगनं?"

मी नकाशा उलगडला. त्यांनी फाटकावर बोट ठेवलं, तिथून टाकी शोधली, भिंत शोधली. मग बोट हिरव्या रंगावर येऊन थांबलं.

"आनि मी कोठे शे?"

फरशी राहणार नाही, हे मला सांगावं लागलं. फार लाज वाटली मला. इतकी वर्षं मी लोकांना काय हवंय तेच विचारत होते. आहे ते काय आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं. अक्कांनी पदराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले. "मना फॉर्म परत भेटी का?"

तो फाइलीला लागला होता. आमचे वरिष्ठ म्हणाले, लोकांनी मागितलं ते मागितलं. मी तासभर भांडले आणि पाचवं पान जोडायची परवानगी मिळवली: फरशी तशीच ठेवायची, झाडं फक्त कडेने, तीही अक्कांनी फिरून दाखवलेल्या ठिकाणी, जिथून सावली फरशीवर येत नाही.

अंतिम बैठकीत निर्णय घेणाऱ्या साहेबांनी पानं उलटली. "हा पाचवा पर्याय कोणी मागितलेला दिसत नाही."

ते खरंच होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून अक्का उठल्या.

"बाग मीच मांगी साहेब," त्या म्हणाल्या. "बाग माले आवडस. फरशी माले लागस."

आणि खाली बसल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पाचवं पान त्यांनी खोडलं नाही, त्या दिवशी तेवढंच झालं. निर्णय अजून व्हायचाय, आणि अक्का या उन्हाळ्यातही तिथेच बिबडे घालताहेत.

मी त्या रकान्यातलं 'पडीक' खोडून 'बिबडे' लिहिलं. मग कपाट उघडलं. जळगाव-जामनेरकडच्या खाणींच्या फायली एकावर एक होत्या, सगळ्यांवर माझ्याच अक्षरात पडीक. त्या त्या खाणीवर मी कोणत्या महिन्यात गेले होते, पावसात की उन्हाळ्यात, ते काही केल्या आठवेना.