पहिल्या पुरस्काराची खोली

जे मंडळ अस्तित्वातच नव्हतं, त्याला मी आमच्या कॉलेजचा ‘उत्कृष्ट विद्यार्थी मंडळ’ हा पुरस्कार जाहीर केला.

तोही शंभरपैकी ब्याण्णव गुण देऊन. वर शेरा होता, ‘भाषा ओघवती. ग्रामीण वास्तवाची सखोल जाण.’ खाली माझी सही आणि सहीखाली दोन टिंबं. ती मी खुशीत असलो की देतो.

घाटंजीतल्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. शिकवतो हे आपलं पगारपत्रकावर. एरवी आभार मानणं, मानपत्र लिहिणं, कुणी गेलं की दोन मिनिटं उभं राहण्याआधीचे चार शब्द बोलणं, ही सगळी कामं माझीच. त्यामुळे प्राचार्यांनी यंदा विद्यार्थी मंडळांसाठी पुरस्कार काढायचं ठरवलं, तेव्हा परीक्षणही माझ्याकडे आलं. ‘तुम्हाला वाचायची सवय आहे,’ एवढीच माझी पात्रता त्यांनी सांगितली.

पुरस्कारात एक स्मृतिचिन्ह होतं, त्यात कुणालाच रस नव्हता. आणि एक खोली होती, तिच्यात सगळ्यांना होता. ग्रंथालयाला लागून जिमखान्याची जुनी खोली आहे. तिच्यातले फुटके कॅरमबोर्ड काढून, चुना मारून, पंखा लावून ती तयार केली होती. जे मंडळ पहिलं येईल त्याला वर्षभर त्या खोलीची किल्ली.

ती खोली खऱ्या अर्थानं हवी होती बाहेरगावच्या मुलींच्या मंडळाला. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या या मुली. तास साडेबाराला संपतात, गाडी पाचला. ग्रंथालय दोनला बंद होतं. मग तीन तास कुठं बसायचं, तर बसस्टँडवर. पहिल्या वर्षाच्या एका मुलीचे वडील बाजाराच्या दिवशी घाटंजीला आले होते. त्यांनी आपली मुलगी स्टँडच्या बाकड्यावर बसलेली पाहिली आणि तिच्यापुढून तिसऱ्यांदा जाणारी मोटारसायकलही पाहिली. मुलीला ते काही बोलले नाहीत. घरी बायकोला सांगितलं, दिवाळीपर्यंत जाऊ दे, मग बंद.

हे मला त्या मंडळाच्या अध्यक्ष मुलीनं स्वतः सांगितलं होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची, उंच, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी मुलगी. मंडळाची वही द्यायला आली तेव्हा म्हणाली, ‘सर, ते खोली भेटली तं ते पोरगी राहते. नाई तं गेली.’

मी ‘अरेरे’ म्हणालो आणि वही गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली ठेवली.

आता माझी परीक्षणाची पद्धत सांगतो. निःपक्षपातीपणाचं माझ्या डोक्यात फार होतं. आमच्या विभागाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांना मी सांगितलं की कपाटातल्या मंडळांच्या फाईली काढा आणि पहिल्या पानावर जिथं जिथं माणसांची नावं आहेत, तिथं पांढरा कागद चिकटवा.

‘सगळ्याच फाईली काढू?’ भाऊंनी विचारलं.

‘सगळ्याच. एकही ठेवू नका.’

‘जुन्या बी?’

‘भाऊ, मी सांगितलं ना, सगळ्या.’

गुणांची विभागणीही मीच केली होती. छायाचित्रांना तीस, अहवालाच्या भाषेला तीस, बॅनर व सजावटीला वीस आणि प्रत्यक्ष कामाला वीस. हा तक्ता मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला होता. कुणी काही बोललं नाही, त्याला मी संमती समजलो.

निसर्ग मंडळाची फाईल हातात आली आणि मी खुर्चीत सरळ झालो. स्पायरल बांधणी, प्लास्टिकचं कव्हर, पानोपानी रंगीत फोटो. आणि काय ती भाषा. ‘रोपाच्या मुळाशी ओतलेले पाणी म्हणजे उद्याच्या सावलीला धाडलेले निमंत्रणच होय.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, आपली पोरं कशी लिहितात, आणि आपण म्हणतो त्यांना मराठी येत नाही.

सगळ्यात शेवटी मुलींची वही काढली. किराणा दुकानात असते तसली लांब वही. फोटो नाही, बॅनर नाही. रोजची तारीख, गावांची नावं, कुठली गाडी किती वाजता आली, कोण कशात बसलं, आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी तेच एक वाक्य, ‘सगळ्या गेल्या.’ मी मधलीच चार पानं चाळली. भाषेला चार गुण दिले. तिथंच लाल शाईनं शेरा लिहिला, ‘भाषा कोरडी. एकच वाक्य रोज. पुनरुक्ती टाळावी.’

गुरुवारी निकालाची नोटीस लागली. कार्यक्रम शनिवारी. निसर्ग मंडळ पहिलं आलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. कला शाखेच्या पोरांना वाटलं विज्ञानवाले असतील, विज्ञानवाल्यांना वाटलं कलावाले.

त्याच दुपारी अध्यक्ष मुलगी माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं तक्रार असेल. मी गुणांचा तक्ता हाताशी ओढला.

‘सर, निसर्ग मंडळाचं अध्यक्ष कोन हाय?’

‘कशाला?’

‘भेटाचं होतं. म्हनलं, खोली त्यायची तं त्यायची. पन दोन ते पाच आमाले बसू देतीन का, ते इचारतो. आमी झाडून-पुसून देऊ. दोन दिवस झाले, आदी फुटली होती बातमी, तवापासून सगळ्या वर्गात पाहून राह्यलो. कोनीच नाई सापडून राह्यलं.’

‘असं कसं सापडत नाही. मी बघतो,’ मी म्हणालो, मोठेपणानं.

आणि फाईल घेऊन भाऊंकडे गेलो. म्हटलं, तुम्ही कागद चिकटवले, नावं तुम्ही बघितली असतील. कोण आहेत हे निसर्ग मंडळवाले?

भाऊ स्टुलावर बसून डबा खात होते. त्यांनी डाव्या हातानं फाईल उघडली, पहिला फोटो पाहिला आणि घास गिळून म्हणाले, ‘हा तं मीच हाय.’

फोटोत एक माणूस पाठमोरा वाकून झारीनं रोपाला पाणी घालत होता.

‘तुमीच तं उभं केलं होतं मले. म्हने, भाऊ तोंड खाली करा, पोरगं वाटलं पाह्यजे. हे बाकीचे पाच फोटो बी त्याच कुंडीचे हायेत. कुंडी हलवत होतो मी, आन तुमी फोटो काढत होते.’

मी पहिल्या पानावरचा पांढरा कागद नखानं खरवडून काढला. भाऊंनी डिंक चांगला लावला होता, तुकडे तुकडे निघाले. खाली अध्यक्ष, सचिव यांच्यापुढं नुसत्या रेघा होत्या. आणि त्याखाली ‘प्रभारी प्राध्यापक’ म्हणून माझं नाव. शेवटच्या पानावर माझीच सही, दोन टिंबांसकट. शेवटच्या पानापर्यंत मी वाचलंच नव्हतं.

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती, आणि यादीत निसर्ग मंडळ दाखवणं भाग होतं. एका दुपारी बसून मी ते मंडळ लिहून काढलं होतं. समिती गेली, फाईल कपाटात गेली, माझ्या डोक्यातूनही गेली. सावलीला निमंत्रण धाडणारा तो होतकरू लेखक मीच होतो.

‘म्या इचारलं होतं, जुन्या बी का म्हनून,’ भाऊ म्हणाले आणि भाकरीकडे वळले.

खरी लाज वाटली ती त्यानंतर. टेबलाशी येऊन मी ती लांब वही पुन्हा काढली. या वेळी पहिल्या पानापासून वाचली. जूनमधल्या एका दिवशी लिहिलं होतं, ‘पाचची गाडी आली नाही. डेपोत फोन केला. साडेसहाला आली. सगळ्या गेल्या.’ ऑगस्टमध्ये, ‘पूल पाण्याखाली. पलीकडच्या तिघी इकडच्या दोघींच्या घरी. घरच्यांना फोन केले. सगळ्या गेल्या.’ आणि एका दिवशी, ‘एक राहिली, पर्स हरवली होती. तिच्यासंग दोघी थांबल्या. काळीपिवळी भेटली. सगळ्या गेल्या.’ काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची वडाप, माणसं कोंबून नेणारी जीप. अंधार पडायला लागला असताना त्या तिघी तिच्यात बसल्या आणि चौथ्या कुणीतरी घरी पोचल्यावर फोनवरून ऐकून हे वाक्य लिहिलं, तेव्हा तिला किती हायसं वाटलं असेल. त्या वाक्याशेजारी माझ्या लाल अक्षरात होतं, ‘पुनरुक्ती टाळावी.’

शुक्रवारी सकाळी मी दोन्ही घेऊन प्राचार्यांकडे गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, ती दारातच संपली. सरळ सांगून टाकलं.

प्राचार्य मूळचे पुसदचे, शांत माणूस. त्यांनी फाईल उघडली, ते निमंत्रणाचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला.

‘हे मी कुठंतरी बोललो आहे.’

‘सव्वीस जानेवारीच्या भाषणात, सर. भाषण मीच लिहून दिलं होतं. तेव्हा मला ते वाक्य माझं आहे हे आठवत होतं.’

त्यांनी विचारलं, ‘दुसरा नंबर कुणाचा आहे?’

‘वाङ्मय मंडळाचा.’

‘त्याचे प्रभारी?’

मी बोट स्वतःकडे वळवलं.

‘म्हणजे पहिले तुम्ही, दुसरेही तुम्हीच. तिसरे तरी दुसरं कुणी आहे का?’

मी लांब वही पुढं केली. ते वाचत बसले. मी उभाच होतो, बसा म्हणाले नव्हते. बऱ्याच पानांनंतर त्यांनी विचारलं, ‘एकही फोटो नाही?’

‘नाही, सर.’

‘बॅनर?’

‘नाही.’

‘मग हे झालंच असणार,’ ते म्हणाले, आणि वही मिटून तिच्यावर हात ठेवला. ‘पहिला यांना. आणि तुमचा तो तक्ता फाडा. स्मृतिचिन्हावर नाव कोरून झालं का?’

मी भाऊंना फोन लावला. यवतमाळचा कोरणारा सुट्टीवर होता, स्मृतिचिन्ह कोरंच परत आलं होतं. सकाळपासून छातीत धरलेला श्वास मी प्राचार्यांच्या केबिनमध्येच सोडला, चांगला आवाज करून. ते हसले. तेव्हा कुठं मला बसावंसं वाटलं.

नव्या नोटिशीत मी लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे निकालात बदल.’ ती लावत असतानाच अध्यक्ष मुलगी मागं येऊन उभी राहिली. आपल्या मंडळाचं नाव तिनं दोनदा वाचलं.

‘तांत्रिक कारन म्हंजे काय झालं, सर?’

पुन्हा खोटं लिहायचा आणि बोलायचा मला कंटाळा आला होता. मी सांगितलं. कुंडी, झारी, भाऊ, रेघा, सगळं. ती ऐकत राहिली, आणि भाऊंचं तोंड खाली करण्यापर्यंत आलो तेव्हा ओढणी तोंडाला लावून बाजूला वळली. खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाली, ‘म्हंजे दोन दिवस मी तुमालेच शोधून राह्यली होती का?’

शनिवारी तिनं किल्ली घेतली. स्मृतिचिन्ह मंचावरच विसरून गेली, ते भाऊंनी नेऊन दिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या त्या मुलीचे वडील खोली बघायला आले. धोतर, पांढरी टोपी, हातात बियाण्याच्या कंपनीची पिशवी. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. आधी खिडकीचे गज हलवून पाहिले. मग दार लावून आतून कडी घालून पाहिली, उघडली, पुन्हा घातली. पंख्याखाली मुली वही-पेन घेऊन बसल्या होत्या, मोठ्या मुली लहानांना इंग्रजीचे धडे समजावत होत्या. वडिलांनी आपल्या मुलीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी नमस्कार केला. माझ्यामुळे ही खोली मिळाली असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी हात जोडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

‘डबा अठीच खोलीत खात जाय,’ ते मुलीला म्हणाले. ‘स्टँडवर नको खाऊ.’

बस, एवढंच. चपला घातल्या आणि निघाले. अध्यक्ष मुलीनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी मी मुद्दाम ग्रंथालयावरून गेलो. ती पोरगी खिडकीपाशी बसून डबा खात होती. मी खिडकीकडे पाठ करून एक मिनिट उभा राहिलो आणि मग तासाला गेलो. वर्गात त्या दिवशी बरं शिकवलं.

तेव्हापासून पाचच्या सुमाराला मी अधूनमधून त्या खोलीपाशी जातो. परवा गेलो तेव्हा मुली गाडीला निघाल्या होत्या आणि अध्यक्ष मुलगी पंखा बंद करून कुलपाशी झटत होती. वही काखेत. गावात तिच्या मावशीचं घर आहे, त्या दिवशी ती तिथंच राहणार होती, म्हणून तिला घाई नव्हती. सगळ्यांचे फोन आले की ती शेवटची ओळ लिहिणार होती. मला एकदम भरून आलं. म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा पुरस्कार आहे, परीक्षक दुसरे असतील. तुमच्या कामाचा नीट अहवाल व्हायला हवा. मी लिहून देतो, माझ्याकडून तेवढं तरी होऊ दे.

तिनं कुलूप ओढून पाहिलं, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

‘नका लिहू, सर,’ ती म्हणाली. ‘तुमी लिहलं का खरं बी खोटं वाटते.’