मेरनच्या हातातलं सुकाणू

रोज सकाळी उठण्याआधी मेरन दोन्ही तळवे दगडी फरशीवर टेकवायची आणि गारवा आधी कोणत्या पायाला कळतो याची वाट बघायची. स्वयंपाकघरातून धाकटा भाऊ सिगर्ड ओरडायचा, "डावा आला का गं कामावर?"

"रजेवर आहे. उजवा आलाय, तोही उशिरा!"

मल्टिपल स्क्लेरॉसिस, हातापायांची जाणीव हिरावणारा मज्जासंस्थेचा विकार, होऊन अकरा वर्षं झाली होती. ऑर्कनीतल्या त्यांच्या बेटावर हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नसे. ज्याच्या त्याच्या नात्यात कुणीतरी होतंच. चालायला काठी, फार थकली की चाकाची खुर्ची. वडिलांच्या होडीचं सुकाणू मात्र तिने सोडलं नव्हतं. जुलैच्या शर्यतीआधी सिगर्ड म्हणाला, "एकदा जरी सुकाणूचा दांडा सुटला, तर पुढच्या वर्षापासून मी धरणार. कबूल?"

"कबूल. तू शीड सांभाळ, बडबड्या."

इथला माणूस होडी सूर्याच्या वाटेनंच, म्हणजे उजवीकडेच वळवतो. उलटं वळणं अशुभ. शर्यतही तशीच आखलेली. पाण्यावर तरंगणाऱ्या तिन्ही खुणांना, बोयांना, उजवं वळण, म्हणजे डाव्या फळीवर बसलेल्या मेरनने दांडा दर वेळी आपल्याकडे ओढायचा. दोन वळणं झकास झाली. वारा शिडात मावेना, तोंडावर खारे शिंतोडे, आणि शेजारच्या खाडीवाल्यांची लाल होडी अगदी बरोबरीला. मेरन मोठ्यांदा हसत होती.

"आत्ता!" तिसऱ्या बोयापाशी सिगर्ड ओरडला. तिने दांडा ओढला. होडी सरळच निघाली. तिने खाली पाहिलं. मूठ आवळलेली होती, आणि रिकामी. दांडा कधी निसटला, बोटांना कळलंच नव्हतं.

"सुटला!" सिगर्ड झेपावला.

"हात लावलास तर बघ!" तिने दांडा कोपराच्या खोबणीत अडकवला आणि अख्खं अंग मागे झोकून दिलं. होडी करकरली, कलली, बोयाला घासून गर्रकन वळली. लाल होडी मागे पडली ती पडलीच. धक्क्यावर एकच गलका झाला.

होडी धक्क्याला लागली.

"सुटला होता," मेरन म्हणाली. "पुढच्या वर्षी तू धर."

सिगर्ड दोर गुंडाळत राहिला. "मला नाही असं वळवता यायचं. दांड्याला एक वाकडं लाकूड ठोकून देतो, कोपर बसेल असं."

"ठोक. आणि चहा आण जरा. कप अर्धाच भर, सांडतो माझ्याकडून."